साडेचारची जाळी

नूतनीकरणाचं बिल आलं, अकरा हजार आठशे.
हालकुडे आप्पांनी ते तुरीसारखं
तळहातावर घेऊन पाहिलं,
मग माझ्या टेबलावर ठेवलं.
"कौसर, तूच सांग. ही वेबसाइट आपल्याला पोसती,
का आपण तिला?"

मी हिशेब लिहिते.
लातूरच्या एमआयडीसीत, या शेडमध्ये
डाळमिलच्या चाळण्या होतात.
पत्र्याला भोकं पाडणारा पंच दिवसभर ठोकत असतो,
त्याच ठोक्यांवर माझी बेरीज चालते.

ज्यानं ती बनवली तो ओंकार आला.
लॅपटॉपवर आलेख, चढतच गेलेला.
वर्षात नऊ हजार लोक येऊन गेले, म्हणाला.
आप्पा म्हणाले, "लेका, गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात,
रोज किती जण वळसा घालून जातात!
त्यातलं आपली पायरी कोण चढलं, तेवढं सांग."
ओंकार हसला. वाईट पोरगा नाही तो.
त्याला आलेखच दिसत होता,
त्यानं तो दाखवला.

मग मी माझी वही काढली.
पाडव्यापासून प्रत्येक फोनला विचारत आले होते:
नंबर कुठून मिळाला?
उदगीरचे पटवेकर, मेव्हण्यानं दिला.
हुमनाबादवाले, ट्रकच्या ड्रायव्हरनं.
निलंग्याचा एक म्हणाला, तुमच्याच जुन्या चाळणीच्या कडेवर
कोरलेला होता, गंज खरवडून वाचला.
वेबसाइटवरून म्हणणारे सगळे मिळून अकरा.
सात आम्हालाच दुसरी वेबसाइट विकायला निघालेले.
दोघांना नोकरी हवी होती.
एका बाईंना घरची, पिठाची चाळणी, एकच, स्टीलची.
अकराव्याचा फोन कटला, नाव राहूनच गेलं.

"झालं मग," आप्पा म्हणाले. "बंद कर."

दुकान सोडताना आधी झाडून घेतात,
म्हणून मी आत शिरले.
दोन वर्षांत पहिल्यांदाच, खरं सांगते.
फोटोत आप्पा काळ्या मिशीचे,
शेडला अजून निळा रंग,
आणि खाली चौकशीचा एक चौकोन: आपला निरोप येथे लिहा.
लिहिलेलं जातं कुठं?
ओंकारनं मेलचा पत्ता सांगितला.
आप्पांच्या महेशचा. तो पुण्याला नोकरीला लागला
आणि इथली कुठलीच किल्ली कोणाकडं देऊन गेला नाही.
त्याला फोन केला. पासवर्ड आठवायला
त्याला अर्धा तास लागला.

एकसष्ट निरोप.

बहुतेक भुसा. कर्ज घ्या, लॉटरी लागली, अभिनंदन.
खाली खाली जात राहिले.
एप्रिलमधला एक, दमोहचा, रात्री दोनला लिहिलेला:
साडेचार एमएमची जाळी मिळेल का, सहा नग.
तीन दिवसांनी तोच: मिल बंद आहे, दर तरी कळवा.
आठव्या दिवशी एवढंच,
भाईसाहब, कोई है क्या वहाँ?
पुढं त्याचं काही नाही.

जेवणाची सुट्टी झाली होती, पंच थांबलेला.
आप्पांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला,
पुन्हा वाचलं.
ओंकारला काही बोलले नाहीत, मलाही नाही.
"साडेचारची तर कायम पडूनच असती आपल्याकडं,"
कोपऱ्यातल्या थप्पीकडं बघत म्हणाले,
जणू तिथंच कोणीतरी उभं होतं.

मी एकसष्टच्या एकसष्ट चाळले.
कामाचे पाच निघाले. पाचांतल्या दोघांनी
माल दुसरीकडून घेतला होता,
एकानं फोन उचलला नाही,
एक म्हणाला, आता का?
दमोहला मी लिहिलं, सात महिने उशिरा,
काय लिहिलं ते सांगत नाही.

बिल अजून टेबलावरच आहे.
पंचातून पडलेल्या पत्र्याच्या चकत्या
मी एका डबीत भरून ठेवते, तिच्याखाली.
आप्पा येता-जाता विचारतात, "मग? ठरलं का?"
मी म्हणते, पुढच्या पाडव्यापर्यंत थांबा.
अजून तिचा हिशेब लागलेला नाही,
आधी आपला लावते.